नुसती भोकं जुळवणारा

मित्रांनो, मी एक प्लग अडॅप्टर आहे. वय म्हणाल तर पाच वर्षेही नाही. पण मला जुनाच म्हणा, कारण एका म्हातारीचे कान माझ्या मदतीने गेले आणि त्यानंतर मला नवे म्हणवून घ्यायची लाज वाटते. जे झाले ते सांगतो. नीट ऐका, तुमचे कान शाबूत आहेत.

माझे काम अगदी हलके. पुढे दोन गोल पिना, मागे दोन चपटी भोके. अमेरिकेतल्या वस्तूचा चपटा प्लग मागून घ्यायचा आणि आपल्याकडच्या भिंतीतल्या गोल भोकांत पुढून बसायचे. झाले काम. कारखान्यात साच्यातून माझ्यासारखे हजारो एका दमात बाहेर पडले. अक्कल कुणालाच दिली नव्हती.

तिकडच्या एका दुकानात मी खिळ्याला लटकत असताना तुळजाने मला उचलले. ही मन्नाएखेळ्ळी गावची मुलगी, लग्न होऊन अमेरिकेत गेलेली. तिच्या बाळंतपणासाठी तिची आई, सिद्धव्वा, सहा महिने येऊन राहिली होती. सिद्धव्वाला अकरा वर्षे कुणी बोललेले काही म्हणजे काही ऐकू येत नव्हते. तुळजाने तिला डॉक्टरकडे नेले आणि कानात बसणारी दोन इवलीशी यंत्रे घेऊन दिली. ती रोज एका डबीत ठेवून चार्ज करावी लागत. आता आई गावी परतणार म्हणून अडॅप्टर हवा होता. मला घेऊन तुळजा दारापर्यंत गेली आणि थांबली. पिशवीतून चार्जर काढून तिने त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचली. तिथे फक्त एकशेवीस व्होल्ट लिहिले होते. आपल्या भिंतीत तर दोनशे तीस! ती माघारी फिरली आणि एक जड, काळा, डब्यासारखा कन्व्हर्टरही घेतला. शहाणी मुलगी. भोके जुळली की सगळे जुळले, असे भल्याभल्यांना वाटते.

"माय, ह्यो नुसती भोकं जुळवतो," मला नाचवत तिने आईला समजावले. "आपल्याकडचा करंट दुप्पट हाय. त्यो कमी करायचं काम ह्या डब्याचं. आधी ह्यो, मंग डबा, मंग चार्जर. डबा इसरलीस तर समदं जळंल बघ."

सिद्धव्वाने दहा वेळा लावून दाखवले. तुळजाने गावाकडे भावाला, रविकुमारलाही, फोनवर हेच पढवले.

"कळलं की," तो म्हणाला. "मी काय आडाणी हाय का?"

घरी आली त्या दिवशी म्हातारी कान देऊन अंगणभर फिरली. मेंढीच्या पिलाजवळ ती कितीतरी वेळ बसली. "ओरडायलंय बघा, माझ्याकडं बघून ओरडायलंय!" हमरस्त्यावरच्या ट्रकांचा गोंगाटसुद्धा तिला गोड लागला. मला तर माझाच अभिमान वाटू लागला होता.

पण या घराला एक खोड होती. सांगताना जीभ अडखळते. अकरा वर्षे ही माणसे म्हातारीच्या तोंडावर हसत हसत तिला शिव्या देत होती. सून रेणुका भाकरी वाढताना गोड हसून म्हणायची, "घे, गीळ." रविकुमार तब्येत विचारल्यासारखा वाकून म्हणायचा, "कवा मरतीस गं?" पाहुणे पोट धरून हसायचे. म्हातारीला ती माया वाटायची आणि ती लेकाचा गाल कुरवाळायची. आता तिला ऐकू येते हे घरात सगळ्यांना माहीत होते, पण जिभेला लागलेले वळण कुठे जाते? तिसऱ्या दिवशी रेणुका तशीच हसली. "घे थेरडे, गीळ."

"गिळते की," सिद्धव्वा म्हणाली. "कालवण बी वाढ."

रेणुकाच्या हातातला डाव तसाच राहिला. म्हातारीने मुलाकडे पाहिले. "रवी, अकरा वर्सं तुमी मला ह्येच बोलायलात व्हय रे?"

संध्याकाळी तिने लेकीला फोनवर सगळे सांगितले आणि तुळजाने भावाची खरडपट्टी काढली. रविकुमार खाली मान घालून ऐकत होता. त्याचे डोळे माझ्याकडे होते.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सिद्धव्वाने रोजच्यासारखे लावले. आधी मी, मग डबा, मग चार्जर. यंत्रे डबीत ठेवली आणि भिंतीकडेला चटईवर ती आडवी झाली. तिचा डोळा लागल्यावर रविकुमार आला.

"आवो, कामून हात लावायलाव?" रेणुका दारातून म्हणाली. "जळंल की त्ये."

"जळू दे."

त्याने बटण बंद करून डबा उपसून बाजूला ठेवला आणि चार्जर थेट माझ्यात खोचला. तो किती छान बसला, काय सांगू! कुठे घासला नाही, कुठे अडला नाही. पुन्हा बटण दाबल्यावर भिंतीतला सगळा करंट मी जसाच्या तसा पुढे सोडला. चट्ट आवाज झाला, डबीतून धूर निघाला, आतली यंत्रेही गेली. म्हातारी एका हातावर झोपली होती. तिने कूससुद्धा बदलली नाही. रेणुकाने वास जावा म्हणून खिडकी उघडली.

सिद्धव्वा उठली तेव्हा मुलाने बाजूला पडलेल्या डब्याकडे बोट केले, मग तिच्याकडे, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. लावले तर तिनेच होते. ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

"इसरले का रे मी?"

रविकुमारने होय म्हणून मान हलवली.

दिवेलागणीला तुळजाचा व्हिडिओ कॉल आला. "मायनंच डबा काढून लावली," त्याने सांगितले. "मी किती येळा सांगितलो तिला."

तुळजा रडली, ओरडली. "एवढं शिकवून बी असंच! आता मी कायबी धाडणार न्हाई."

सिद्धव्वाला त्यातले अक्षरही कळले नाही, लेकीचा चिडलेला चेहरा तेवढा दिसला. ती पडद्यासमोर सरकली आणि दोन्ही हातांनी आपले दोन्ही कान धरले. "चुकलं गं लेकरा," ती म्हणाली. "माझंच चुकलं." तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून रविकुमारने फोन थोडा वर उचलला.

मित्रांनो, मी अजून त्याच भिंतीत आहे. परदेशी वस्तू खोचण्याआधी तिच्या पाठीवरचे आकडे वाचा, माझ्यासारख्यावर भरवसा ठेवू नका. आणि कधी एखादे म्हातारे माणूस फोनवर तुमच्यासमोर कान धरून उभे राहिले, तर रागावण्याआधी एवढे विचारा, की फोन कुणी धरला आहे.