एरंडेलाच्या वाटीतलं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. मी तुम्हाला दिसणार नाही, पण घाबरू नका. मी इथंच आहे.

नेरडीगोंड्याजवळच्या एका गावात मनकर्णाबाई लोकांच्या पायातले काटे काढायच्या. त्यांच्या नवऱ्यानं, सुधाकररावांनी, मला नागपूरच्या बाजारातून आणलं. माझी कड निखळली, मूठ तुटली, तरी माझ्याखाली बाभळीचा काटा बोटाएवढा दिसे. "मरताना हे भिंग मी संगं नेईन," असं सुधाकरराव थट्टेनं म्हणत. पोळ्याला ते वारले.

दिवाळीनंतर कापूस वेचताना नात शुभांगीच्या टाचेत काटा मोडला. चौथ्या दिवशी पाय टम्म सुजला, ताप चढला. मनकर्णाबाईंनी तिचा पाय कोमट पाण्यात बुडवला आणि घाईघाईत मलाही पाण्यातच धरलं. काटा काही मोठा दिसेना.

"माये डोये गेले का रे देवा!" त्या रडू लागल्या.

डोळे ठीक होते हो! हवेतून काचेत शिरताना प्रकाशाची चाल मंदावते, म्हणून तो वळतो. पाण्यात ती आधीच मंद असते. मग मी त्याला कितीसा वळवणार?

ओल्या हातातून मी निसटलो, तो थेट शेजारी ठेवलेल्या एरंडेलाच्या वाटीत. एरंडेलात आणि काचेत प्रकाशाची चाल जवळजवळ सारखीच. तो वळलाच नाही आणि मी नाहीसा झालो, भर दुपारी. दोघी वाटीत वाकून पाहत होत्या, माझ्यातूनच.

"आजी, भिंग कुठं गेलं वो?"

"तुह्या आबाजीनं नेलं, माय. म्हनतच होते ते."

शुभांगीनं दाराकडे पाहिलं. "मंग मलेबी नेतीन का?"

मनकर्णाबाईंनी तिला जवळ ओढलं. निदान टाचेला तेल तरी चोळावं म्हणून त्यांनी वाटीत बोटं घातली आणि त्या किंचाळल्या. काहीच नसलेल्या तेलात बोटांना काहीतरी गार, कडक लागलं होतं. हात मागे घेतला. मग नातीकडे पाहिलं, डोळे घट्ट मिटले आणि ते धरून वर काढलं. तेल निथळलं, हवा लागली, मी दिसू लागलो. मला पुसून त्यांनी पाय पाण्याबाहेर घेतला. काटा पुन्हा बोटाएवढा दिसला, निघाला, रात्रीपर्यंत तापही उतरला.

संक्रांतीला मनकर्णाबाई गेल्या. त्याआधी एकदा त्यांच्या हातून, त्यांच्याही नकळत, मी एरंडेलाच्या बरणीत पडलो. "आजीनं संगं नेलं," असं शुभांगी सगळ्यांना सांगते. मी कोनाड्यातल्या बरणीतून ऐकत असतो. काल तिनं बरणी हलवून पाहिली. "जुनं झालं तेल, फेकून देऊ," म्हणाली.

मित्रांनो, जुनं काही फेकण्याआधी एकदा तळाशी बोट फिरवा. गार लागलं तर किंचाळू नका. तो मीच असेन.