मेथीची तपासणी

शामराव रेल्वेत हेड क्लार्क होते आणि घरी आल्यावरही ते हेड क्लार्कच राहत, हे त्यांच्या बायकोचं, कांताचं, जुनं दुखणं. लखनौला बदली होऊन चार वर्षं झाली होती. महानगर नावाच्या वस्तीतल्या त्यांच्या गल्लीतली पोरं त्यांना पाहिलं की चेंडू टाकून पळत. त्यांची पाच वर्षांची लतिकासुद्धा बापापेक्षा सब्जीवाल्या भैयाशी जास्त बोले, तेही हिंदीतच.

म्हणून त्या एप्रिलात शामरावांनी मनावर घेतलं. चारबागच्या फलाटावरून चहाचे रिकामे कुल्हड, म्हणजे मातीचे पेले, पिशवीत भरून आणले, लतिकाला आणि शेजारच्या तीन पोरांना अंगणात बसवलं आणि प्रत्येकाकडून मेथी पेरून घेतली. चौदा तारखेला बाबासाहेबांच्या फोटोपुढे विकतचा हार नाही, पोरांनी उगवलेली मेथी ठेवायची! कोपरापर्यंत चिखलात हात घातलेली लतिका बापाकडे बघून हसली. शामराव विरघळले आणि त्या भरात हुकूम देऊन बसले, "रोज सकाळी तपासणी करायची. हयगय नको!"

सरकारी नोकरांचीच पोरं ती, हुकूम मोडतात कशाला! रोज सकाळी शामराव दाढीला बसले की ती दाणे उकरून काढत, उलटसुलट बघत, फ्रॉकला पुसत आणि परत पुरत.

अकरा तारीख आली तरी हिरवं काही दिसेना. "मेरे हाथ से कुछ नहीं उगता," असं म्हणून लतिका न जेवताच झोपली.  शामरावांनी रात्रीच बाजारातून मेथीची जुडी आणली, चारही कुल्हड नळाजवळ रिकामे केले, ताजी माती भरली आणि काड्या खोचल्या. लतिकाच्या कुल्हडात तर सुतळीसकट अख्खा झुपका रोवला. बापाचं मन, दुसरं काय!

सकाळी लतिका आनंदानं किंचाळली आणि लगेच तपासणीला बसली. झुपका उपटून तिनं सुतळी वर धरली. "बाबा, ये तो मैंने नहीं बोया था."

"अहो, तपासणी कडक आहे हो तुमच्या पोरांची," कांता हसू दाबत म्हणाली. "रोज उकरतात, माहीत नव्हतं वाटतं?"

शामरावांचा चेहरा पडला. "मीच लावली, बेटा. तुझं रडणं बघवेना."

"और मेरा बटन?"

"कसलं बटन?"

"आपका नीला वाला. मेथी के साथ बोया था. आपके लिए कमीज़ उगती."

त्याच बटनासाठी शामरावांनी धोब्याला तासभर फैलावर घेतलं होतं.  कुल्हड तसेच पडून राहिले आणि दोन दिवस कुणी तपासणी केली नाही.

चौदाच्या सकाळी नळावर गेलेल्या कांतानं हाक मारली. तिथं ओतलेल्या मातीत मेथी फुटली होती. इवल्या पानांच्या मधोमध निळं बटन होतं. लतिका टाळ्या पिटत नाचायला लागली, "मेरी है! मेरे हाथ की है!"

शामराव वाकले. सवयीनं बोट पुढे गेलंच. लतिकानं त्यावर चापट मारली.

"बाबा, हात नाही लावायचा!" ती चक्क मराठीत ओरडली.

शामरावांनी हात मागे बांधले. मग आत गेले, खुर्ची आणली, तिच्यावर बाबासाहेबांचा फोटो आणून ठेवला आणि सगळ्यांना नळापाशीच उभं केलं. वंदना झाल्यावर कांता बटन उचलायला गेली, तसे ते घाईनं म्हणाले, "राहू दे, राहू दे. शर्ट उगवायचाय माझा."