काय काय बंद आहे?

लेक नऊ वर्षांची होणार होती, म्हणून तिला एखाद्या मोठ्या पार्कात न्यायचं ठरलं. कुठल्या पार्कात, या प्रश्नाने बापाची झोप उडाली. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. माणसांना वर नेणाऱ्या कुठल्याही वस्तूकडे तो, सासरा नव्या जावयाकडे बघतो तसा, बघायचा.

"पाण्याचा पार्क बघा," आई म्हणाली. "घसरगुंड्या, फवारे. मुलांना आवडतं."

"मुलांना आवडेल. हिचं काय?"

हा प्रश्न रास्त होता. घरात तिला 'चौकशी' म्हणत. वस्तू बंद का पडतात, एवढ्या एकाच विषयात तिला रस. मावशीने दिलेली बाहुली तिने दुसऱ्याच दिवशी परत केली होती, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काहीच नव्हतं.

शेवटी चौकशीने स्वतःच तीन पार्कांना फोन लावले आणि तिघांना एकच विचारलं, "तुमच्याकडे सध्या काय काय बंद आहे?"

पहिल्याने फोन आपटला. दुसऱ्याने मधाळ आवाजात सांगितलं, "बेटा, आमच्याकडे कधीच काही बिघडत नाही." बापाच्या अंगावर काटा आला. हे वाक्य त्याने ज्या ज्या इमारतीत ऐकलं होतं, तिथे नंतर त्याला पहार घेऊन जावं लागलं होतं.

तिसऱ्या पार्कात फोन मेकॅनिकने उचलला, कारण चौकशी खिडकीवरची बाई त्या दिवशी आली नव्हती. "कागद-पेन्सिल आहे का?" त्याने विचारलं, आणि तो चाळीस मिनिटं बोलत राहिला.

"म्हणजे जिथे सगळं मोडलंय तिथेच जायचं?" आई म्हणाली. "बापलेकीची डोकी ठिकाणावर आहेत ना?"

"निदान माणूस खोटं बोलत नाही," बाप बोलून गेला. जिभेला हाड नसतं ते असं; त्या एका वाक्यावर जायचं ठरलं.

आईने डबा भरून दिला आणि पाय दुखतो म्हणून घरी राहिली. तिचे दोन्ही पाय ठणठणीत होते.

मेकॅनिक फाटकातच उभा होता. डावा हात गळ्यात बांधलेला.

"पडलात का, काका?" चौकशीने विचारलं.

"छे, मी होतो तिथेच होतो. शिडी पडली."

त्याने तिला बंद रेल्वे, बंद झुलती नाव आणि अर्धवट उघडणारं भुताचं घर दाखवलं. ती खूश. बाप मात्र दर दहा पावलांवर वर बघत होता. शेवटी ते भिंगरीपाशी आले. मधे जाड खांब, वर चक्र, चक्राला साखळ्यांनी टांगलेल्या चोवीस खुर्च्या.

"ही आज नीट झाली," मेकॅनिक म्हणाला. "आता पहिली फेरी. पण माझा हात हा असा. पोरीने फोनवर सांगितलं, तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता. म्हणजे आपल्यातलेच, बसा की दादा."

बापाला नाही म्हणता येईना. दुरुस्ती झाली की पहिली फेरी दुरुस्त करणाऱ्याने मारायची, हा त्याच्याही धंद्यातला रिवाज होता, आणि तो आजवर त्याने एकदाही मोडला नव्हता. तो विचार करत होता तोवर चौकशी एका खुर्चीत बसून दांडा अडकवूनही मोकळी झाली होती.

"बिघडलं काय होतं?" त्याने विचारलं.

"तेच तर कळलं नाही. तीन महिने डोकं फोडलं. आज सकाळी आपणहून सुरू झाली."

बापाने लेकीच्या खुर्चीची साखळी धरली. आपणहून बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करता येतं. आपणहून सुरू झालेल्याचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"खाली उतर."

"बाबा, तू घाबरलास?"

"नाही. उतर." त्याने दांडा ओढला. दांडा हलेना. त्याने तिला काखेत धरून दांड्याखालून उपसून काढलं, तशी वर करकर झाली आणि रिकाम्या खुर्च्या हलल्या.

"बंद करा!"

मेकॅनिकने खांबावरचं लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग खाली वाकून मुख्य स्विच बघितला आणि पांढराफटक पडला. "दादा, हा तर बंदच आहे."

खुर्च्यांनी वेग घेतला. एकीने मेकॅनिकची टोपी उडवली. तिघेही पोटावर पडले. डोक्यावरून चोवीस खुर्च्या सुसाट फिरत होत्या आणि बाहेर पडायला वीस पावलांचं अंतर सरपटत कापायचं होतं. त्यात वरचा आवाज बदलला. बापाने तो ओळखला. काहीतरी सैल होत होतं.

"माझ्या पोटाखाली राहून पुढे सरक," तो म्हणाला. "डोकं वर करायचं नाही. मी सांगेन तेव्हाच थांबायचं."

चौकशी सरकू लागली. का, म्हणून तिने विचारलं नाही. तिने काहीच विचारलं नाही. नऊ वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि बापाला वरच्या आवाजापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.