सात बँडांचं दुःख

रोहिणीला त्या क्लासचा वीट आला होता, पण सोडून जाणार कुठे? आयर्लंडचा एक दवाखाना तिला नर्स म्हणून घ्यायला तयार होता. अट एकच, इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याला सात बँड, म्हणजे नवापैकी सात. गेल्या खेपेला साडेसहावर गाडी अडकली. या खेपेला हुकलं की जागा दुसरीला जाणार होती.

क्लास कॉलेज रोडला, दिनेश सरांचा. रोज चाळीस शब्द घोकायचे. कुणी ‘सॅड’ म्हटलं की सर नाक मुरडायचे. “सॅड बालवाडीतली पोरं म्हणतात. डिव्हॅस्टेटेड म्हणा. इन्कन्सोलेबल म्हणा.” आता एवढे भरजरी शब्द घालायचे, तर दुःखही तेवढं मोठं नको का? त्यावर सरांकडे तोड तयार. “आवडत्या माणसाबद्दल विचारलं की वडील सांगायचे. वारलेले. हातात हात घेऊन प्राण सोडला. आठ शब्द आपोआप बसतात.”

“सर, माझे वडील आहेत,” रोहिणी म्हणाली.

“परीक्षक काय तुझ्या निफाडला चौकशीला जाणारेत?”

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मेली रोहिणीही हसली, लाज कोळून प्यायल्यासारखी. मग पंधरा दिवस आरशापुढे उभं राहून तिने रोज बापाला मारलं, तेही घड्याळ लावून, बरोब्बर दोन मिनिटांत.

परीक्षेत समोरच्या बाईंनी नेमका तोच विषय दिला. रोहिणी सुसाट सुटली. ‘इन्कन्सोलेबल’पाशी पोचली तेव्हा बाईंनी हात वर केला. “सकाळपासून तिघींचे वडील असेच हातात हात घेऊन वारले,” त्या इंग्रजीत, अगदी शांतपणे म्हणाल्या. “पाठ केलेलं राहू द्या. तुम्ही नर्स आहात ना? वॉर्डात कुणी गेलं, तर घरच्यांना काय सांगता?”

हे तर रोहिणीने सहा वर्षांत कितीदा सांगितलं होतं. मराठीत, हिंदीत, एकदा गोऱ्या बाईला मोडक्यातोडक्या इंग्रजीतसुद्धा. त्याला साधेच शब्द लागतात. पण साध्या शब्दांवर सरांनी लाल रेघा मारल्या होत्या, आणि आता त्यातला एकही तोंडातून निघेना. शेवटी ती ‘डिव्हॅस्टेटेड’ एवढंच म्हणाली. तिची तिलाच शिसारी आली.

बाहेर तिचे वडील, आप्पा, मोटारसायकलला टेकून उभे होते. द्राक्षांची छाटणी टाकून निफाडहून आले होते.

“काय इचारलं गं?”

“तुमच्याबद्दल.”

आप्पांचा चेहरा खुलला. “माह्याबद्दल? मंग काय सांगितलं?”

काहीतरी गोडगोड थाप तिच्या जिभेवर आलीही होती. पण आता थापांची ओकारी यायची बाकी राहिली होती. “तुम्ही मेलात म्हणून सांगितलं, आप्पा. सरांनी तसंच पाठ करून घेतलं होतं.”

आप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. तिच्याकडे न बघता गाडीवर बसले. किक मारायला पाय उचलला आणि तसाच खाली टेकवला.

“मी जित्ता हाय, हे कळलं नाय ना त्यांना?” ते हळूच म्हणाले. “नायतर तुझे सात जायचे.”