डाख दिलेला कर्णा

मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकणाऱ्या मला सगळे नरसाळं म्हणतात. खरं तर मी एक जुना कर्णा आहे. श्रीगोंद्याच्या एका कारागिराने रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून मला वळवलं. एक तोंड रुंद, दुसरं अरुंद. अरुंद तोंडाशी बोललं की आवाज चहूकडे न पांगता एका दिशेने दूर जातो. माझी विद्या एवढीच.

ज्यांनी मला करून घेतलं त्या अंबिकाबाई एका शिक्षकाच्या पत्नी. त्या कविता करत. बेचाळीस साली काष्टीच्या बाजारात, बैलांच्या गर्दीत उभ्या राहून त्यांनी माझ्यातून इंग्रजांना निघून जायला सांगितलं. त्याच कवितेत मुलींना शाळेत घाला, असंही सांगितलं. बरोबरचे कार्यकर्ते कुरकुरले, “बाई, आधी स्वराज्य येऊ द्या. मग बायकांचं बघू.”

“दोन्ही एका श्वासात मावतंय, मग थांबू कशाला?” बाई म्हणाल्या.

त्यांना तुरुंगात नेलं तेव्हा गावच्या बायकांनी मला कडब्याच्या गंजीत लपवलं. सुटून आल्यावर बाईंनी आधी मला शोधलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

पुढे स्वराज्य आलं, गावात लाउडस्पीकर आला आणि मी कोनाड्यात गेलो. एके दिवशी बाईंच्या सुनेने, सुचित्राने, माझ्या अरुंद तोंडावर करंगळीएवढी नळी कथील वितळवून, डाख देऊन बसवून घेतली. तिचा हेतू वाईट नव्हता. घरात रॉकेल ओतायला काही नव्हतं. बाईंनी मला एकदा हातात घेतलं, वास घेतला आणि परत ठेवलं.

मग दुष्काळ पडला. माळावर खडी फोडण्याचं सरकारी काम निघालं. बायका उन्हात खडी फोडत, त्यांची लेकरं ढिगाशेजारी उन्हातच झोपत. छबूबाईचं तान्हं तापाने फणफणलं, तेव्हा ती बाईंकडे आली.

“काकू, पोरांपुरती सावली मागितली तर मुकादम हसतोय. तुमी बोला. तुमचं ऐकत्याल.”

त्र्याहत्तरच्या महाराष्ट्र दिनाला शाळेत बाईंचा सत्कार होता. मामलेदार येणार होते. बाईंनी त्यासाठी कविता रचली आणि स्वयंपाकघरात पुटपुटत पाठ केली:

झेंड्याला काठी उंच दिली, त्याला कुणाची ना नाही;
लेकरावर फडकं धरा, एवढंच मागते आई.

दुपारी त्या शाल आणि नारळ घेऊन परतल्या.

“म्हणलीत का कविता?” सुचित्राने विचारलं.

“माइक काढून घेतला. काकासाहेब सरपंच म्हणाले, आधी पाऊस पडू द्या काकू, मग बायकांचं बघू.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि माळावर नेलं. मुकादम पुंजाराम लांबूनच ओरडला, “काय काकू, घासलेट वाटायला आलात व्हय?”

बाईंनी मला तोंडाशी लावलं. आवाज नळीत अडकला आणि बाहेर नुसता फुसफुसाट आला. हातोड्यांपुढे तो दहा पावलंही गेला नाही. बाई खोकू लागल्या. मित्रांनो, माझ्या धनिणीला माझ्यामुळे खाली बघावं लागलं.

“हातोड्या ठेवा गं!” छबूबाई ओरडली.

माळ गप्प झाला. बाईंनी मला बाजूला ठेवून नुसत्या आवाजात कविता म्हटली. दोन दिवसांनी मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून पोती शिवून छप्पर घातलं गेलं. साहेबांची जीप गेली तशी पोतीही गेली.

जूनमध्ये बाई वारल्या. शोकसभेत लाउडस्पीकरवरून पुष्कळ पुरुष बोलले, बाईंची एकही ओळ कुणी म्हटली नाही. ज्यांना ती पाठ होती, त्या खडीवर होत्या.

आज संध्याकाळी छबूबाई दारात आली. कडेवरचं मूल वाळून गेलं आहे.

“वैनी, काकूंचा कर्णा द्या. सावली अजून न्हाई. आता मी म्हन्ते कविता.”

सुचित्रा माझ्यातून कंदिलात रॉकेल ओतत होती. “अगं, हा आता कर्णा कुठे राहिलाय?”

“येवढी नळी काढली की झालं की.”

“आधी दुसरं नरसाळं आणू दे. मग बघू.”

मित्रांनो, मला घासूनपुसून कपाटात ठेवू नका, हारही घालू नका. तेवढी नळी काढा. छबूबाई अजून दारात उभी आहे.