पुरुषांना मज्जाव

या मायबापहो, जरा जवळ सरकून बसा. आज गोष्ट सांगायचीय ती एका हट्टी लेकीची आणि तिच्याहून हट्टी आईची. देवाने या एवढ्याशा देहात काय काय जपून ठेवलंय, ते कळायलासुद्धा कुणाचा तरी हट्ट लागतोच!

लेक रक्तावर संशोधन करणारी. प्रयोगशाळेत तिला सगळे हट्टीबाईच म्हणायचे. केस पिकलेल्या बायकांचं रक्त तपासताना तिला एक अजब गोष्ट दिसली. बाईच्या रक्तात पुरुषाच्या पेशी! मोजक्याच, पण चांगल्या जिवंत. आणि त्या बायका कोण, तर मुलग्यांच्या आया. तिच्या मनाने घेतलं, पोटातलं बाळ बाहेर येतं खरं, पण आपला थोडा अंश आईपाशी ठेवून जातं, जन्मभरासाठी.

विभागप्रमुखांनी उडवून लावलं. "अगं, भेसळ आहे ही. कुणी गडी शिंकला असेल नमुन्यावर. टाक ओतून आणि दुसरं काहीतरी कर."

हट्टीबाईने काय केलं? दारावर पाटी लावली, 'पुरुषांना मज्जाव'. रक्त काढायला बाई, नळ्या धुवायला बाई, यंत्रावर ती स्वतः. प्रमुख डोकावायला आले, तर त्यांनाही उंबऱ्यावरच अडवलं.

"माझ्याच प्रयोगशाळेत मला बंदी?"

"सर, तुमच्या मिशीतला एक केस पडायचा आत, आणि उद्या तुम्हीच म्हणायचात, भेसळ!"

आत बायका मास्कआड खुदखुदल्या.

ताडून पाहायला मुलगा न झालेल्या बायकांचंही रक्त हवं होतं. त्यांत तिने खुशाल आपल्या आईला बसवलं. तिला तर दोन लेकीच, थोरली लग्न होऊन गेलेली आणि धाकटी ही.

निकाल आला. मुलग्यांच्या आयांमध्ये त्या पेशी पुन्हा दिसल्या. बाकीच्यांचं रक्त स्वच्छ, एक सोडून. ती एक म्हणजे हिचीच आई!

प्रमुख कशाला संधी सोडतात? "दोन मुलींची आई, तिच्यात पुरुष कुठून आला? तुझी पाटी गळकी निघाली, बाई. उद्याच्या बैठकीत हे काम बंद."

हट्टीबाई घरी आली ती पाय ओढत. आई भाजी निवडत होती.

"आई, तुला कधी कुणाचं रक्त चढवलं होतं?"

"नाही गं. का?"

"तुझ्यात मुलाच्या पेशी निघाल्या. आपल्याकडे मुलगा कुठला? संपलं माझं काम."

आईचा हात थांबला. जुडी तिने खाली ठेवली.

"होता," ती म्हणाली. "तुम्हा दोघींच्या आधी. पूर्ण दिवसांचा. रडलाच नाही. तुझी आजी म्हणाली, विसर आता, पुन्हा तोंडातून काढू नकोस. नावही ठेवू दिलं नाही. मी गप्प बसले, पण विसरले नाही गं." मग हळूच, "अजून आहे म्हणतेस? माझ्यात?"

"आहे, आई."

दुसऱ्या दिवशी आई लेकीबरोबर बैठकीला गेली आणि तिथे तीच उठून उभी राहिली. लेक "नको गं" म्हणाली, तर तिलाच दटावलं, "तू गप्प. मी गप्प बसले तेवढं पुरे झालं." आणि सगळं सांगून टाकलं.

प्रमुख चुळबुळले. "आजी, इथे ऐकीव चालत नाही."

"ऐकीव तुम्हाला! मी जन्म दिलाय त्याला." तिने बाही वर सारली. "काढा रक्त. तुमचा विश्वास असेल त्या बाईकडून, हव्या त्या यंत्रावर, हवं तितक्यांदा. पण माझ्या लेकाला भेसळ म्हणायचं नाही. आणि ओतून तर मुळीच टाकायचं नाही!"

रक्त दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलं, परक्या हातांनी तपासलं. पेशी तिथेही निघाल्या. काम चालू राहिलं आणि दारावरची पाटीही.

तर मायबापहो, घरी जाल तेव्हा त्या लेकराची एकदा आठवण काढा. त्याला नाव नाही, म्हणून काही अडायचं नाही. त्याच्या आईचं कुठे अडलं?