सुटलेला थर

महेजबीननं नखानं हलकंच उचकटलं तर थर सुटून वर आला.

शेंद्र्याच्या कारखान्यात ती कृत्रिम खुब्याचे दांडे तपासायची. मांडीच्या हाडात बसणारा हा नवा दांडा आतून टायटॅनियमचा, वरून चिवट पॉलिमरचा होता. नुसता धातू सगळा भार स्वतःच पेलतो, मग भोवतालचं हाड रिकामं बसून विरळ होतं. हा दांडा हाडालाही भार वाटून देणार होता. चालत्या पायासारखे दाब देणाऱ्या यंत्रावर आज त्याचं पॉलिमर धातूपासून सुटलं होतं.

आणि त्याच लॉटमधला एक दांडा आज शहरातल्या दवाखान्यात करमाडच्या कडूबाईंना बसवायचा होता. नव्या दांड्याच्या चाचणीत त्या स्वखुशीनं आल्या होत्या.

"एका नमुन्यावरून ऑपरेशन थांबवायचं?" तिचे साहेब सोमनाथ म्हणाले. "यंत्रात चूक असेल. उद्या परत लावून बघू."

"उद्यापर्यंत तो त्यांच्या हाडात असेल, सर."

ऑपरेशन करणारे डॉक्टर सुयश फोन उचलेनात. दवाखान्याच्या रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर आत गेलेत. बाहेर आले की सांगते."

महेजबीननं स्कूटी काढली. मुकुंदवाडीच्या सिग्नलला ट्रकमागं अडकली तेव्हा ती पुटपुटली, "या अल्लाह, थोडा वेळ दे."

नर्सनं थिएटरचं दार अर्धवट उघडलं. हाड कोरून झालं होतं. दांडा डॉक्टरांच्या हातात होता.

"सर, नका बसवू! याचा थर सुटतोय."

"खात्री आहे?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही सर. एकच नमुना सुटलाय. पण माझ्या अम्मीला मी हा बसवू दिला नसता."

मग डॉक्टरांनी दांडा ट्रेमध्ये ठेवला. "नेहमीचा मेटलचा द्या."

परत आणलेला दांडा यंत्रावर चढवला. तोही सुटला, पहिल्याहून लवकर. सोमनाथसरांनी तो बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला. मग त्यांनी सगळा लॉट बाजूला काढायला लावला.

कडूबाई वॉर्डात वॉकर धरून उभ्या होत्या, रुसलेल्या. "नवा देतो म्हणले अन् जुनाच बसवला. आसं का?"

"मावशी, तो अजून कच्चा आहे."

"मंग पिकू द्या की!" म्हणत त्यांनी दुखरा पाय पुढं टाकला. तो फरशीवर नीट टेकेपर्यंत महेजबीननं वॉकर दुसऱ्या बाजूनं धरून ठेवला.